खिडकीची जागा

मधल्या थांब्यावर विमानात चढलेला तो आडदांड माणूस थेट आजींच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. "ओ आजी, या वयात खिडकी काय करायचीय? सरका तिकडे. आणि ते कार्टं रडायला नको हं!"

तिकिटावर खिडकी आजींचीच होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नातू नुकताच मांडीवर झोपला होता. त्यांनी समोरचा ट्रे बंद केला, हातातले ओले टिश्यू पर्समध्ये परत टाकले आणि त्या शेजारच्या सीटवर सरकल्या.

विमान उडाल्यावर त्याने तोच ट्रे उघडून त्यावर सँडविच ठेवलं. सांडलेला चुरासुद्धा बोटाने टिपून चाटला.

"पोटभर खा हो," आजी गोड हसून म्हणाल्या.



मघाशी त्याच ट्रेवर त्यांनी नातवाचं भरलेलं डायपर बदललं होतं. पुसायचं तेवढं राहिलं होतं.