चोराला ‘तुम्ही’ म्हणायचं

“आण्णासाहेब, बोकड तुम्ही चोरलात का?” आयुब शिपायानं दुसऱ्यांदा विचारलं. आवाज असा मऊ की त्याचा त्यालाच ओळखू येईना.

“न्हाय,” सरपंच म्हणाले आणि त्यांनी मिशीवर हात फिरवला.

असं ठरलं नव्हतं. पहिल्यांदा ‘न्हाय’, दुसऱ्यांदा ‘व्हय, चुकलो’ आणि खेळ खलास, असं ठरलं होतं. चावडीपुढच्या मांडवात जिल्ह्याचे पोलीस साहेब खुर्ची टाकून बघत बसले होते. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली, तरी शिपायांच्या तोंडातली शिवी आणि हातातला दंडुका काही जाईना, म्हणून सरकारनं हे नव्या वळणाचं शिक्षण काढलं होतं. चोरालासुद्धा तुम्ही म्हणायचं. बसा म्हणायचं, पाणी विचारायचं, अंगाला हात लावायचा नाही. आज लुटूपुटूच्या चोरीवर त्याची परीक्षा होती. शिवी निघाली की अंगावरची वर्दी खाली, असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं. आणि आयुबचं तोंड म्हणजे काय विचारता! त्याची बायको ताहेराबी महिनाभर घरात चोर होऊन त्याच्याकडून सराव करून घेत होती. शिवी निघाली की त्या वेळची भाकरी बंद. बिचारा पार वाळून गेला होता.

पंचायतीनं मात्र या कामी मन मोठं केलं होतं. पोलिसांच्या शिक्षणाला गावाचा पाठिंबा, असा चक्क ठराव केला. मांडव दिला, चहा दिला. फक्त चोर मिळेना. खेळात का होईना, एकदा चोर झालं की गावात तेच नाव पडणार आणि नातवंडांनासुद्धा ‘चोराची’ म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी आण्णासाहेबच म्हणाले, “मला कोण चोर म्हणतंय? म्या होतो.” फिर्यादी केलं बब्रुवानला. त्याच्या दारात कधी कोंबडी नव्हती, पण बोकड गेला म्हणून तो सकाळपासून इतका रडत होता की दोन बाया खरंच त्याची समजूत घालत बसल्या होत्या.

सगळं नीट चाललं होतं. पण आण्णासाहेबांचे अणदूरचे व्याही नेमके आजच उगवले आणि येऊन पुढंच बसले. आता लेक दिलेल्या घरापुढं ‘म्या चोर’ म्हणायचं कसं?

“पाणी घ्या थोडं,” आयुब म्हणाला. “आन् जरा आठवून सांगा.”

“आमच्या सात पिढ्यांत कुणी चोरी केली न्हाय!” आण्णासाहेब व्याह्यांकडं बघत गरजले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. आयुबच्या जिभेवर एक जुनी, दणदणीत शिवी येऊन बसली. या अल्ला! ती त्यानं आवंढ्याबरोबर गिळली. नोकरी गेली तर ताहेराबीला काय तोंड दाखवायचं, घरात चूल कशावर पेटायची? त्याला रडू कोसळायचं तेवढं बाकी होतं.

मग काय सुचलं कोण जाणे, त्यानं हात जोडले. “माफ करा, सरपंच. चूक माझी. तुम्ही जावा घरी. भरल्या गावातनं बोकड काढायचा म्हंजे जिगर लागती. तुमच्या वयाला आता ते कुठनं झेपणार?”

“खरंय,” व्याही गालातल्या गालात हसले. “गुडघे गेलेत त्यांचे.”

झालं! आण्णासाहेब ताडकन उठले. “कुणाचे गुडघे गेले? म्याच नेला बोकड! संगं गडी न्हाय, कुणी न्हाय. वढ्याकडच्या कुडावरनं उडी मारली, त्याच्या तोंडाला उपरणं बांधलं, खांद्यावर टाकला आन् पळत मळ्यात! एका शिंगाचा, लई दांडगा हुता!”

मांडव हसून हसून लोळायला लागला. बब्रुवाननं तर रडणं सोडून टाळ्या पिटल्या. साहेबांनाही हसू आवरेना. “वा, सरपंच! सोंग काय झकास वठवलंत!” ते म्हणाले आणि आयुबकडं वळले. “शिपाई, पास.”

आयुबचे डोळे भरून आले. त्यानं कडक सलाम ठोकला.

पण टाळ्या पडल्यावर आण्णासाहेब थांबतात होय! “आन् एकट्यानं खाल्ला न्हाय म्या,” ते छाती पुढं काढून म्हणाले. “ठराव केला त्या दिशी समद्या पंचांना मळ्यात जेवण घातलं, ते कशाचं हुतं? इचारा की ह्यान्ला!”

हसणं हळूहळू थांबलं. पंच एकमेकांकडं बघायला लागले. त्यांच्या रांगेतला ज्ञानोबा तेवढा उठून उभा राहिला.

“वढ्याकडचा कूड तर माझा,” तो म्हणाला. मग त्यानं पोटावर हात ठेवला. “म्हंजे त्या दिशी मागून मागून वाढून घेतला, त्यो म्या माझाच बोकड खाल्ला व्हय?”