राहून गेलेली हाक

"लेझरचं चालू मशीन सोडून हलायचं नाही, आणि आग दिसली की आधी ओरडायचं. यातलं एक जरी चुकलं, तरी मशीन चालवायचा परवाना विसरा काकू," असं बजावून कार्यशाळेचे साहेब शेजारच्या मशीनवर आपली एक फळी कापायला बसले.

काकूंनी नुसती मान डोलावली. जेवणाच्या घंटेपर्यंत त्यांचं रोजचं मौन असे. पण लेकीच्या नव्या दारावरची पाटी त्यांना स्वतःच्या हाताने कापायची होती, म्हणून परवाना हवाच होता.

पाटी अर्धी होते न होते तोच लाकडाने पेट घेतला. काकूंनी झटकन लाल बटण दाबलं, झाकण उघडलं नाही, आणि ज्वाळ विझेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. धूर ओढून घेणाऱ्या पंख्यांच्या घरघरीत कुणाला पत्ताही लागला नाही.

घंटा झाली. सगळ्यांनी डबे उघडले. साहेबांचं मशीन तेवढं चालू होतं.

"आऽऽग!" काकू ओरडल्या.

तोंडातला घास तोंडातच ठेवून सगळे बाहेर पळाले. सगळ्यांत पुढे साहेब.

"कुठे लागली?"

"सकाळीच विझवली हो. तेव्हा मौन होतं, म्हणून ओरडायचं तेवढं राहिलं होतं."

"नापास!" साहेब कडाडले. "विझलेल्या आगीची कुणी बोंब मारतं का?"

"बरं. पण तुमचं मशीन बंद करून आलात ना?"

साहेबांनी वळून पाहिलं. खिडकीतून धूर येत होता. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना.

"ओरडा की," काकू हळूच म्हणाल्या. "तुमचं कुठे मौन आहे?"