पुलाचं विधेयक

"आज मतदान झालं का रे?" बाउतिस्ताने उशीवरची मान न उचलताच विचारलं.

"होणारच होतं, गुरुजी. पण तो बेंगोचेआ उभा राहिला ना!" निकानोरने काखेतला थर्मास खाली ठेवला, टाय सारखा केला आणि स्टूल पुढे ओढलं.

"जाड्या? सभागृहात जागा होता?"

"मध्येच जाग आली असणार. म्हणतो, त्या ओढ्यावर पूल कशाला, पलीकडे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. मी म्हटलं, साहेब, मेंढ्यांना मत असतं तर तुम्ही कधीच पडला असता!"

बाउतिस्ता हसता हसता खोकायला लागला. पायथ्याशी बसलेली त्याची बायको डेल्मिरा खाली मान घालून विणत राहिली.

बाउतिस्ता मूळचा पासो देल सेइबालचा शाळामास्तर. एका हिवाळ्यात ओढ्याला पूर आला, तराफेवाल्याने तराफा सोडला नाही. मास्तरची छोटी मुलगी एल्विरा अलीकडच्या काठावर तापाने गेली आणि डॉक्टर पलीकडे उभा राहिला. मास्तरने खडू ठेवला तो कायमचाच. निवडून येऊन राजधानीत, मोन्तेविदेओला, संसदेत गेला. तिथे त्याचे केस पांढरे झाले, पण मागणी एकच राहिली: पूल. दर वेळी विधेयक कुठल्या ना कुठल्या समितीत जाऊन पडे. यंदा ते एकदाचं सभागृहापुढे यायचं ठरलं आणि त्याच वेळी पोटाच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरलं.

खासदाराबरोबर त्याचा बदलीही निवडून येतो. खासदार आजारी पडला की बदली त्याच्या जागी बसतो. बाउतिस्ताचा बदली म्हणजे त्याचाच जुना विद्यार्थी निकानोर. "बाकी काही कर, पण पूल सोडू नकोस," एवढंच त्याने बजावलं होतं.

निकानोरने येर्बाचा कडू चहा भरून पेला पुढे केला. बाउतिस्ताने पेल्याऐवजी त्याचा हातच धरला.

"मासळीचा वास येतोय."

"येताना बाजारातून आलो, गुरुजी."

"आणि हे घट्टे? खासदाराच्या हाताला?"

"बाकं फार टणक आहेत हो."

बाउतिस्ता बराच वेळ तो तळवा बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, मग जाड्या काय म्हणाला?"

बाहेर पडल्यावर निकानोरने टाय काढून खिशात कोंबला आणि मागच्या गल्लीची वाट धरली. संसदेचा घुमट दिसू नये म्हणून तो रोज इकडूनच जाई. गुरुजींपुढे मतदान आणखी किती दिवस उद्यावर ढकलायचं?

एका सकाळी डॉक्टरांनी डेल्मिराला बाजूला घेतलं आणि नुसती मान हलवली. निकानोर खोलीत शिरला तो न बसताच म्हणाला, "झालं, गुरुजी! पूल मंजूर! सगळ्यांनी हात वर केले."

"बेंगोचेआनेही?"

"सगळ्यांच्या आधी!"

बाउतिस्ताने पांघरुणातून आपला वाळलेला हात बाहेर काढला आणि वर धरला. डेल्मिराने सुया खाली ठेवून आपलाही हात वर केला. निकानोरला रडू आवरेना. त्याने पेला भरून दिला. बाउतिस्ताने ओठ ओले केले, पेला परत दिला आणि म्हणाला, "आभार."

इकडे आणखी पेला नको असेल तेव्हाच आभार मानतात. निकानोरने थर्मासचं झाकण लावलं. दुपारी गुरुजी गेले.

दफन आटोपल्यावर फाटकापाशी निकानोरने डेल्मिराचे हात धरले. "बाई, मरत्या माणसाशी मी रोज खोटं बोललो. मला माफ करा."

डेल्मिराने त्याचा वाकडा झालेला टाय सरळ केला.

"सैनिकांनी संसदेला कुलूप ठोकलं ना, त्याच संध्याकाळी बेंगोचेआ आला होता. देश सोडण्याआधी तुझ्याच स्टुलावर बसून ढसाढसा रडून गेला. दुसऱ्या दिवशी तू आलास, टाय लावून. तू गेल्यावर मी यांना म्हटलं, पोराला सांगून टाकू या. तर म्हणाले, बोलू दे त्याला, आता त्याला दुसरं सभागृह कुठे आहे?"