शिळं पाणी

कर्नल तळाशी आडवा पडला होता. अंगावरची निळाई विटलेली, पंख मिटलेले, आणि कल्ले असे भराभर हलत होते की बघणाऱ्यालाच धाप लागावी. नेरेइदाने काचेवर बोट वाजवलं. हा झुंजीचा मासा. एरवी बोटाच्या अंगावर धावून यायचा. आज जागचा हलला नाही.

"मर मग," ती म्हणाली, आणि लगेच जिना चढून ऑस्मानीला बोलवायला गेली.

हवानाच्या त्या जुन्या चाळीत ऑस्मानी एके काळी गच्चीवर असे मासे वाढवायचा. आता तिथे कबुतरं होती, पण चाळीतला मासा आजारी पडला की बोलावणं त्यालाच यायचं. हाताला चिकटलेले दाणे झटकत तो खाली आला आणि काचेला नाक लावून बसला.

"पांढरे ठिपके नाहीत. पोटही फुगलेलं नाही. खातोय का?"

"कालपर्यंत माझ्यापेक्षा जास्त खात होता."

ऑस्मानीने पाण्यात बोट बुडवून हुंगलं. मग तिच्याकडे बघितलं.

"मावशी, पाणी कधी बदललंस?"

"सकाळी. नळ आला तेव्हा."

"थेट नळाचं ओतलंस?"

बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी आलं की ते क्लोरीनने नुसतं घमघमत असतं, आणि माशाला द्यायचं तर एक रात्र बादलीत उघडं ठेवावं लागतं, हे चाळीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तिचा नवरा एवेलिओ तर त्या बादलीच्या वाटेला कुणाला जाऊ द्यायचा नाही. अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा पडल्या पडल्या ओरडायचा, "झाकू नकोस ती!" त्याला कुशीवर वळवता वळवता, चमच्याने भरवता भरवता नेरेइदाचे खांदे कामातून गेले. पावसाळ्याआधी तो गेला आणि मासा मागे राहिला. आज सकाळी पिंपं भरून झाल्यावर, पाणी रात्रभर ठेवून उद्या पुन्हा या काचेपाशी वाकायचं, या विचारानेच तिला रडू आलं होतं.

"कंटाळा केला," ती म्हणाली.

"म्हणजे आजार-बिजार काही नाही. तूच विष पाजलंस त्याला." ऑस्मानी उठला. "शिळं पाणी आण. बरणीभर पुरे. वाचेलही."

"शिळं कुठून आणू? सगळ्या चाळीने आज सकाळीच भरलंय. तुझ्याकडे?"

"कबुतरांना कोण शिळं ठेवतंय!"

"उकळू?"

"वीज आहे कुठे? आणि ते निवेपर्यंत हा थांबायचा नाही."

बोलता बोलता त्याची नजर कोपऱ्यातल्या फळीवर गेली आणि चटकन खाली आली. फळीवर पांढऱ्या कापडावर पाण्याचे पेले मांडलेले होते. एक तिच्या आईचा, एक मावशीचा, एक भावाचा, आणि मधला मोठा एवेलिओचा. आपल्या मेलेल्या माणसांनी तहान लागली म्हणून दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये, म्हणून घरोघर ठेवतात तसे.

"मी काही बोललो नाही हं," ऑस्मानी म्हणाला.

"बघितलंस तर!"

"गेल्या सोमवारी भरलेत ना? त्यात अत्तर-बित्तर तर नाही टाकलंस?"

"अत्तर मिळतंय कुठे? हल्ली त्यांनाही साधंच पाणी."

"मग चालेल. पण मी हात लावणार नाही, मावशी. माझी आईसुद्धा कुणाच्या तरी फळीवर आहे."

नेरेइदा फळीसमोर उभी राहिली. खरं सांगायचं तर क्षणभर तिला वाटलं, जाऊ दे याला. सुटेल तो आणि सुटेन मीही. कुणाला ना कुणाला जगवत राहण्याचा तिला वीट आला होता. पण हा गेला की सकाळी डोळे उघडल्यावर दोन शब्द बोलायला घरात कुणीच उरणार नव्हतं, आणि त्याची तिला जास्त भीती वाटली.

"आई, रागावू नकोस," असं म्हणत तिने पहिला पेला बरणीत ओतला. मग मावशीचा. मग भावाचा, त्याला जिवंतपणीही पाणी फारसं आवडत नसे. ऑस्मानीने चहाच्या गाळणीने कर्नलला अलगद उचलून बरणीत सोडलं. पाणी जेमतेम त्याच्या पाठीपर्यंत आलं. तो पुन्हा कुशीवर कलला.

"अजून लागेल," ऑस्मानी हळूच म्हणाला.

नेरेइदाने एवेलिओचा पेला खाली घेतला आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली. ऑस्मानीला वाटलं, आता ही रडणार. पण ती रडली नाही. दुपारी झोपलेल्या माणसाला हाक मारून उठवावं, तशी ती पेल्याशी बोलली.

"ऊठ. तुझ्या उशाशी मी खूप बसले. आता तू बस याच्या उशाशी. मी जरा पडते."

पेला उपडा करून तिने शेवटचा थेंबही बरणीत झटकला, आणि कर्नलकडे न बघता आत जाऊन आडवी झाली.