डोंगर की प्रोसेसर

“ब्याण्णव!” बायको ओरडली. “त्र्याण्णव! अहो, पेशंट हाताबाहेर चाललाय!”

नवऱ्याने मान वळवून कॉम्प्युटरच्या तापाचा आकडा बघितला. तेवढ्यात पडद्यावरची त्याची लाल गाडी भिंतीवर आदळली, उलटली आणि चाकं वर करून पडून राहिली.

“सावकाश या हं, साडूभाऊ,” स्पीकरमधून आवाज आला. “तोवर आम्ही चहा घेतो.”

हा आवाज बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. सगळे त्याला रॉकेट म्हणत. दर रविवारी संध्याकाळी तो आपल्या घरून ऑनलाइन शर्यत लावायचा आणि दर रविवारी जिंकायचा. त्याचा कॉम्प्युटर नवा कोरा, एका बाजूने काचेचा, आत रंगीत दिवे लुकलुकणारा. इकडे जेवणाच्या टेबलावर एक म्हातारं खोकं होतं. त्याचं एका बाजूचं झाकण काढलेलं आणि उघड्या पोटावर टेबलफॅन रोखलेला.

आज या खोक्याचा निकाल लागायचा होता. बायको नर्स, नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. तिच्या ड्यूट्या आणि त्याला अवेळी येणारे फोन यांतून दोघांची एकत्र सुट्टी कितीतरी वर्षांनी जुळली होती. साठवलेल्या पैशांत एकच गोष्ट होणार होती. एक तर आठ दिवस डोंगरात, नाही तर या खोक्याला नवा प्रोसेसर. तिला डोंगर हवा होता, त्याला प्रोसेसर. शेवटी तिनेच तोड काढली होती, “आज तीन शर्यती खेळा. या खोक्यावर एक जरी जिंकलात तर डोंगर. नाही जिंकलात तर आणा तुमचा प्रोसेसर, मी हूं की चूं करणार नाही.”

पहिली शर्यत त्याने प्रोसेसर आहे त्या वेगाने चालवून खेळली. गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालली आणि शेवटून पहिली आली. दुसरीला त्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे नेमून दिलेल्या वेगाहून जास्त पळवला, तोही पार टोकाला नेऊन. सुरुवातीला गाडी उडाली. मग प्रोसेसर तापला, आणि तापला की जीव वाचवायला तो आपणहून हळू व्हायचा. चित्र अडखळलं, बायको ओरडली, आणि पुढे भिंत होतीच.

“म्हणजे प्रोसेसरच घ्यावा लागणार बहुतेक,” नवरा म्हणाला. दुःखी दिसायची त्याने बरीच खटपट केली, पण ती त्याला जमली नाही.

“एक राहिलीय अजून. आणि एवढा डोस कशाला देता? निम्म्यावर आणा.”

त्याने वाढवलेला वेग निम्म्यावर आणला, कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला.

“आता उठा.”

“का?”

“तुमचं लक्ष रस्त्यावर नसतं, तापावर असतं. तुम्ही आकडे वाचा. मी चालवते.”

“तू? अगं, तुला साधी सायकल येत नाही!”

“सायकलीवर तोल सांभाळावा लागतो. इथे खुर्ची आहे.”

खेळ परत जोडला जाण्याआधी त्याने घाईघाईने माइक बंद केला. हे रॉकेटच्या कानावर गेलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं.

शर्यत सुटली. पहिल्या वळणाला गाडीबरोबर तीही खुर्चीतून डावीकडे कलली. दुसऱ्याला उजवीकडे. तिसऱ्या वळणाला पायातली चप्पल उडून सोफ्याखाली गेली.

“एकोणऐंशी,” नवरा वाचत होता. “ब्याऐंशी. ब्याऐंशीच. अगं, ब्रेक! ब्रेक!”

“आकडा सांगा, सल्ला नको!”

एकेक गाडी मागे पडत गेली. प्रोसेसर तापला होता, पण बेताने. पुढे आता फक्त रॉकेटची पिवळी गाडी उरली. नवऱ्याला आकड्यांची शुद्ध राहिली नाही. तो टेबलावर मुठी आपटत होता.

“आकडा!”

“कसला आकडा? आतून घाल! आतून!”

तिने आतून घातली. दोन्ही गाड्या घासत, ठिणग्या उडवत शेवटच्या वळणातून बाहेर पडल्या आणि लाल गाडीचं नाक, नुसतं नाक, पिवळ्याच्या आधी रेषेपलीकडे गेलं.

नवऱ्याने तिला खुर्चीसकट गरकन फिरवलं. ती किंचाळली. तो किंचाळला. आपण हरलोय हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

स्पीकरमधून आवाज आला, “साडूभाऊ, आज काय खाऊन बसलात हो?”

तिने ओठांवर बोट ठेवलं. नवऱ्याने माइक चालू केला, घसा खाकरला. “काही नाही हो. जरा मनावर घेतलं, एवढंच.”

तिने तोंडावर उशी दाबून धरली आणि उशीसकट गदगदत राहिली.

खेळ बंद झाला. नवरा आतल्या खोलीत गेला. कपाटावरची बॅग त्याने खाली ओढली, धूळ झटकली, स्वेटर गळ्यात अडकवला आणि बाहेर आला. चेहरा तसा पडलेला नव्हता.

“शब्द म्हणजे शब्द. जिंकलीस तू. चल, कपडे काढ बॅगेत भरायला.”

ती अजून खुर्चीतच होती. केस विस्कटलेले, एक पाय अनवाणी, डोळे पडद्यावर.

“अहो, शेवटच्या वळणाला चित्र जरासं अडखळलं. दिसलं तुम्हाला?”

“अडखळलं तर अडखळलं. जिंकलीस की!”

“नाकभर जिंकले. भाऊजी काय पुढच्या खेपेला एवढं मोकळं सोडणारेत? तो प्रोसेसर किती दिवसांत येतो?”

“आणि डोंगर?”

“डोंगर कुठे पळून जातायत?” ती खुर्चीत थोडी सरकून बसली आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात थोपटत म्हणाली, “सुट्टी मात्र रद्द करू नका हं. आठही दिवस लागतील आपल्याला.”