कानाचं मशीन

मावशीने पोतं उलटं केलं आणि टेबलावर एक इस्त्री, दोन रिमोट, झाकण हरवलेला मिक्सर आणि कानाचं मशीन पडलं.

"हे तिसऱ्या मजल्यावरचं," मशीनकडे बोट दाखवत मावशी म्हणाली. "त्या शिवणवालीच्या पिशवीत होतं."

मावशी समोरच्या इमारतींचा कचरा उचलायची. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं कोणाशी बिनसलं, सगळं तिला पिशवीवरून कळायचं. त्यातलं धुगधुगी असलेलं सामान ती स्क्रूताईच्या दुकानात आणून टाकायची. स्क्रूताईला खरं नावही होतं, पण ते आता वीजबिलावरच उरलं होतं. लोकांनी फेकलेलं खोलायचं, एकातलं धड ते दुसऱ्यात घालायचं आणि चालतं करून विकायचं, हा तिचा धंदा. आपल्या हाताखालून वस्तू बंद अवस्थेत परत जात नाही, याची तिला जराशी घमेंडही होती.

मशीन जुन्या पद्धतीचं होतं. डबी खिशात, वायर कानात. आत बॅटरीचा पत्रा वाकला होता, एवढंच. तिने तो सरळ केला, घासून पुसला आणि मशीन स्वतःच्या कानाला लावलं. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची चेनसुद्धा ऐकू आली.

"असली वस्तू कोणी मुद्दाम टाकत नाही," ती म्हणाली आणि स्वतःच जिने चढून गेली.

दार शिवणवालीने, त्या घरच्या सुनेने उघडलं. गळ्यात टेप, हातात कात्री. आत शिलाई मशीनभोवती कापडांचे ढीग होते आणि खिडकीशी सासरे शर्टाला काजं करत बसले होते. त्यांचाही जन्म शिंपीकामातच गेलेला. कानाचं मशीन बघून सुनेचा चेहरा उतरला, पण तिने लगेच सावरून घेतलं.

"बाबा वेंधळे झालेत हल्ली," ती म्हणाली. "तुम्हाला उगाच त्रास."

तीन आठवड्यांनी तेच मशीन पुन्हा पोत्यातून निघालं. या खेपेला वायर कापलेली होती. ओढून तुटली असती तर आतल्या तारा विस्कटल्या असत्या. इथे एकाच घावात साफ दोन तुकडे.

"म्हाताऱ्याची ब्याद नको झाली असेल तिला," मावशी म्हणाली. "ऐकू आलं की मध्ये मध्ये बोलणार. आपलं गप्प बसलेलं बरं."

स्क्रूताईने टाकून दिलेल्या हेडफोनची वायर काढून मशीनला जोडली. जोडताना तिचं डोकं तापलं होतं. चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून ती निघाली.

दार उघडंच होतं. सून पाटीवर काहीतरी लिहून सासऱ्यांसमोर धरत होती. "आज फोन आला होता. बरे आहेत. तब्येत जपा म्हणाले." सासऱ्यांनी वाचलं, मान डोलावली आणि पुन्हा सुई हातात घेतली. सून हसली. मग तिला दारातली स्क्रूताई दिसली. तिने घाईने बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

"नवऱ्याचा फोन का?" स्क्रूताईने विचारलं.

"हो. जहाजावर असतात." सून थांबली. तिचा हात दाराच्या कडीवरच होता. "होते. आठ महिने झाले. बुडालं जहाज."

स्क्रूताईने हातातलं मशीन मुठीत झाकलं.

"बाबांचं तेव्हा नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, धक्का सोसायचा नाही. म्हणून घर बदललं. इथे कोणाला काही माहीत नाही. पण कंपनीची माणसं येतात, नातेवाइकांचे फोन येतात. एक शब्द जरी कानावर पडला ना, ताई..."

"म्हणून वायर कापलीत?"

"मी नाही कापली," सून म्हणाली. "पण तुटली ते बरं झालं."

स्क्रूताईचा यावर विश्वास बसला नाही. पण आता राग उरला नव्हता. "राहू दे माझ्याकडेच," ती म्हणाली. "दुरुस्त होत नाही म्हणून सांगा त्यांना." सुनेने तिचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

चार दिवसांनी, भर दुपारी, सासरे स्वतःच दुकानात आले. सून कपडे पोचवायला गेली होती. काठी टेबलाला टेकवून त्यांनी हात पुढे केला. स्क्रूताईने कागदावर लिहिलं, "दुरुस्त होत नाही."

आजोबांनी कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"पहिल्यांदा केलंत ते काम मी बघितलंय," ते म्हणाले. "कापड असो की पत्रा, हाताची सफाई मला कळते. आणा इकडे."

तिचा नाइलाज झाला. तिने खण उघडला. त्यांनी मशीन कानात घातलं, डबी खिशात सोडली.

"बोला काहीतरी."

"काय बोलू?" नको ते तोंडातून निघेल या भीतीने ती एवढंच म्हणाली.

"छान येतंय ऐकू. आता एक करा. हे आतून असं बिघडवा, की पुन्हा कोणालाच जमू नये. मी एकदा पत्रा वाकवला, एकदा वायर कापली आणि दोन्ही वेळा कचऱ्यात टाकलं. तुम्ही दोन्ही वेळा चालू केलंत."

स्क्रूताईने हातातला पेचकस खाली ठेवला.

"तुम्ही? का पण, आजोबा?"

"सूनबाई रोज पाटीवर लिहून दाखवते, त्याचा फोन आला होता म्हणून. दिवसभरात तेवढीच काय ती हसते. मला ऐकू यायला लागलं तर तेच तिला तोंडाने सांगावं लागेल. तिच्याने नाही व्हायचं ते."

त्यांनी मशीन कानातून काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं.

"पोरगा गेल्याचा फोन आला, तेव्हा हे माझ्या कानातच होतं."