आबांची वामकुक्षी

जिभेला काहीतरी उग्र लागलं म्हणून अच्युत पारसनीसांनी डोळे उघडले. तोंडात तुळशीचं पान होतं. उशाशी दिवा तेवत होता आणि त्यांची सात वर्षांची नात शर्वी भिंतीला टेकून रडत होती.

"काय झालं गं?"

शर्वी किंचाळलीच. मग म्हणाली, "आबा, तुम्ही गेला होतात. किती हाका मारल्या मी. आईला फोन केलाय, ती निघालीये."

पारसनीसांना उलगडा व्हायला क्षणभर लागला. तरुणपणी त्यांनी भरल्या सभागृहात सांगितलं होतं की पुढची पिढी झोपणारच नाही, आयुष्याचा तिसरा हिस्सा असा वाया घालवणार नाही. लोक हसले होते. पण त्यांच्या कंपनीची झोप घालवणारी गोळी घरोघरी पोचली आणि भाकीत तंतोतंत खरं ठरलं. शर्वीने कुणाला झोपलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांची स्वतःची गोळी डॉक्टरांनी हृदयापायी कालच बंद केली होती, आणि वरणभात जेवून ते जरा आडवे झाले होते.

"अगं, मी झोपलो होतो," ते हसत म्हणाले. "पूर्वी सगळेच झोपायचे. डोळे मिटायचे, मग थोड्या वेळाने आपोआप जाग यायची."

शर्वीचं रडू थांबलं. ती दिव्याकडे बघत राहिली. दिवाळीआधी आजीच्या उशाशी असाच दिवा लावला होता, तिच्या तोंडातही तुळशीचं पान ठेवलं होतं.

"आबा," तिने हळूच विचारलं, "मग आजीला जाग यायच्या आत आपण का नेलं?"